बारा पोरांचा सीझन: कॉलेजची बास्केटबॉल टीम वर्षभर कशी सांभाळायची

कॅप्टन झालात किंवा पीटी सरांनी मॅनेजर म्हणून नाव टाकलं की सगळे आधी विचारतात, यावर्षी टीममध्ये भारी कोण आहे. माझं स्पष्ट मत आहे की मुंबईत कॉलेजचा सीझन सहाव्यापासून बाराव्या नंबरपर्यंतची पोरं ठरवतात. हिशोब करून बघा, १० मिनिटांचे ४ क्वार्टर आणि कोर्टवर ५ जण, म्हणजे टीमला एकूण २०० मिनिटं भरायची असतात. पहिल्या पाचांना प्रत्येकी २६ मिनिटं खेळवलं तरी ७० मिनिटं उरतात, ती कोण खेळणार? ऑक्टोबरच्या उन्हात सिमेंटच्या कोर्टवर पाचच जणांना पूर्ण मॅच खेळवलं की चौथ्या क्वार्टरला पाय जड होतात, शॉट रिंगच्या अलीकडेच पडायला लागतात, आणि ते ओरडून काही सुटत नाही.

म्हणून ट्रायल जूनमध्ये, कॉलेज सुरू झाल्या झाल्या घ्या. उंची बघाच पण त्यापेक्षा दोन गोष्टी जास्त बघा, चूक झाल्यावर पोरगा मागे धावत येतो का, आणि दमल्यावरही डिफेन्सला गुडघे वाकवून खाली राहतो का. शूटिंग शिकवता येतं. आणि घर कुठे आहे हे पण आत्ताच विचारून ठेवा, कारण विरार आणि बदलापूरची पोरं सकाळी साडेसहाला कोर्टवर हवी असतील तर ती घरातून किती वाजता निघतात याचा विचार आपणच करायचा. माझ्या मते आठवड्यात तीन दिवस सकाळी पूर्ण टीम आणि दोन दिवस लेक्चर संपल्यावर जे असतील ते, एवढं पुरतं. रोज बोलावलं की गणपतीपर्यंत निम्मी टीम गळते, वर सबमिशन आणि केटीचं, म्हणजे राहिलेल्या विषयांचं, टेन्शन असतंच.

पावसाळा हा मुंबईचा मोठा प्रॉब्लेम. इनडोअर कोर्ट फार थोड्या कॉलेजांकडे आहे आणि ओल्या सिमेंटवर लेअप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून उडी मारून शॉट, मारायला लावणं म्हणजे घोटा मुरगळायला आमंत्रण, तिथे अजिबात हट्ट करू नका. हे दोन-तीन महिने पायांसाठी वापरा. जिना चढणं, स्क्वॉट, एका पायावर तोल, दोरीच्या उड्या, आणि पार्किंगमध्ये किंवा पॅसेजमध्ये डाव्या हाताने ड्रिबलिंग. प्ले, म्हणजे कोणी कुठे पळायचं याच्या ठरवलेल्या चाली, सुद्धा फरशीवर खडूने कोर्ट आखून चालत चालत पाठ करून घेता येतात. एखाद्याचा घोटा दुखावलाच तर बर्फ, क्रेप बँडेज आणि पाय उंचावर, आणि त्या पायावर चार पावलं पण टाकता येत नसतील तर सरळ एक्सरे काढा. परत कोर्टवर घेताना त्याला त्याच पायावर उड्या मारायला सांगा, दुखलं तर अजून बाहेरच.

कोर्ट सुकलं की खरी मजा. मोठं कोर्ट २८ बाय १५ मीटरचं असतं, पण कॉलेजच्या आवारातलं बऱ्याचदा लहान निघतं, त्यामुळे पोरांना फास्ट ब्रेकच्या, म्हणजे बॉल मिळताच समोरच्या रिंगकडे पळण्याच्या, अंतराचा अंदाज येत नाही आणि ६.७५ मीटरची थ्री पॉइंट लाइन पण कुठेतरी भलतीकडेच आखलेली असते. टेप घेऊन स्वतः मोजा आणि खडूने बरोबर लाइन काढा. रिंग ३.०५ मीटरवर आहे का तेही मोजा. बॉल ७ नंबरचाच, आणि सिमेंटसाठी रबरी, चांगला बॉल मॅचच्या आठवड्यात बाहेर काढायचा, नाहीतर महिन्याभरात गुळगुळीत होतो.

प्रॅक्टिसमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ फ्री थ्रोला, म्हणजे फाऊलनंतर लाइनवरून मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला देईन, तेही दमलेल्या पायांवर. लाइन ड्रिल, म्हणजे कोर्टच्या एकेका रेषेपर्यंत पळून परत, पळवायची, धाप लागलेली असतानाच लाइनवर उभं करायचं, दोनच शॉट, मग पुन्हा पळ. ओळीने पन्नास शॉट मारण्यात हात बसतो, पण मॅचमध्ये तसे पन्नास कधी मिळत नाहीत, दोनच मिळतात आणि तेव्हा छाती भरून आलेली असते. एका क्वार्टरमध्ये समोरच्या टीमचे ४ फाऊल झाले की पाचव्यापासून तुम्हाला दोन फ्री थ्रो मिळतात, आणि कॉलेजच्या मॅचमध्ये फाऊल भरपूर होतात. अटीतटीच्या मॅच इथेच जातात हो.

त्याच कारणाने बेंच महत्त्वाचा. एका प्लेयरचे ५ फाऊल झाले की तो बाहेर. तुमच्या उंच पोराचे पहिल्या क्वार्टरमध्येच दोन झाले तर त्याला हाफटाइमपर्यंत बसवा, कितीही वाईट वाटलं तरी. पण हे जमायला त्याच्या जागी जाणाऱ्याला रोज स्क्रिमेजमध्ये, म्हणजे आपसातल्या सराव मॅचमध्ये, पहिल्या पाचांसोबत खेळवलेलं असलं पाहिजे. पहिले पाच विरुद्ध बाकीचे अशी वाटणी रोज करू नका, मिसळा. बारावा पोरगा पण सगळे प्ले बोलून दाखवू शकला पाहिजे.

टाइमआउट पहिल्या हाफमध्ये २ आणि दुसऱ्यात ३ असतात, त्यातला एक शेवटासाठी राखून ठेवा.

सराव मॅच आपल्यापेक्षा चांगल्यांशी लावा. नागपाड्याची मस्तान वायएमसीए किंवा माटुंग्याचं इंडियन जिमखाना, इथे संध्याकाळी नुसतं उभं राहून बघितलं तरी खूप कळतं. अब्बास मुन्तसिर, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते, नागपाड्याचेच, आणि तिथली पोरं आजही बॉल हातात आल्या आल्या पुढे ढकलतात. अशा टीमसमोर २० पॉइंटने हरलात तरी चालेल, प्रेस, म्हणजे पूर्ण कोर्टभर अंगावर येणारा डिफेन्स, कसा तोडायचा हे दुसरीकडे इतक्या लवकर समजणार नाही.

कागदपत्रांचं काम एका माणसाकडे द्या. आयकार्ड, मार्कशीट, फीची पावती, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, प्रिन्सिपलची सही आणि शिक्का, सगळं एका फाइलमध्ये, झेरॉक्ससकट. चांगली टीम फक्त एका सहीपायी बाहेर बसते तेव्हा फार जीव जळतो, पोरांनी सहा महिने घाम गाळलेला असतो हो. अटेंडन्ससाठी मॅचच्या तारखांचं पत्र कॉलेजच्या जिमखान्यातून आधीच घ्या आणि प्रत्येक डिपार्टमेंटला नेऊन द्या.

इंटर कॉलेजिएट बऱ्याचदा नॉकआउट असते, म्हणजे पहिली मॅच हीच फायनल समजून तयारी करायची. रविवारी मॅच असेल तर मेगा ब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते शनिवारीच बघा आणि सगळ्यांना एक तास आधीची वेळ द्या. दोन रंगांच्या जर्सी सोबत ठेवा. खाणं साधं, पोहे किंवा इडली दोन-अडीच तास आधी, नंतर केळं, आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी मोठ्या बाटलीत भरून. मॅचच्या आधी वडापाव नको, तो जिंकल्यावर कॅप्टनच्या खिशातून.

बेंचवरच्या एकाला वही द्या, फाऊल, फ्री थ्रो आणि टर्नओव्हर (शॉट न मारताच घालवलेला बॉल) एवढंच लिहायला सांगा. हाफटाइमच्या १५ मिनिटांत ती वही उघडली की कोणावर चिडायचं हा प्रश्नच राहत नाही, काय सुधारायचं ते समोर दिसतं.

कॉलेजची मॅच हरलात तरी युनिव्हर्सिटीच्या ट्रायलची नोटीस बघत राहा, कारण चांगला खेळणारा पोरगा तिथून वेस्ट झोन इंटर युनिव्हर्सिटीला जाऊ शकतो. लाजाळू पोरांना ढकलून पाठवा, सोबत जा. आणि जानेवारीत अकरावी-बारावीच्या पोरांना प्रॅक्टिसला बोलवायला सुरुवात करा, थर्ड इयरवाले गेले की तीच तुमची सहा ते बारा नंबरची पोरं.