स्तनाग्रावरचा काळा डाग: नव्या पॅथॉलॉजी रेसिडेन्टसाठी

स्तनाग्राची पंच बायोप्सी रोज येत नाही. काळ्या डागाची आली, तर फॉर्मवर हमखास ‘मेलॅनोमा?’ (रंगद्रव्य पेशींचा कॅन्सर) लिहिलेलं असतं. त्या प्रश्नचिन्हाचा मान राखा, पण त्याच्यामागे वाहवत जाऊ नका.

दुसरी शक्यता पॅजेटची. सर जेम्स पॅजेट यांनी 1874 मध्ये वर्णन केलेला हा स्तनाग्राचा कॅन्सर एरवी लालसर, खपली धरणारा, इसबासारखा. म्हणूनच महिनोन्‌महिने मलमं लावली जातात. त्याचा रंगद्रव्य असलेला प्रकार दुर्मीळ, आणि डर्मोस्कोपीतही (भिंगातून त्वचा बघताना) मेलॅनोमासारखा दिसू शकणारा. पुरुषांनाही होतो, तेव्हा फॉर्मवर पुरुषाचं नाव दिसलं म्हणून पॅजेट बाद करू नका.

एचअँडईवर (नेहमीच्या रंगवलेल्या स्लाइडवर) पॅजेट आणि मेलॅनोमा दोन्हींत एपिडर्मिसभर (त्वचेच्या वरच्या थरात) विखुरलेल्या मोठ्या, फिकट पेशी दिसतात. पॅजेटच्या पेशींतही मेलॅनिन असू शकतं, शिवाय त्यांच्या अधेमधे साधे मेलॅनोसाइट (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी) फांद्या पसरून बसलेले असतात. रंगावर निदान ठरत नाही ते यामुळे. हाय पॉवरवर खालची कड बघा. पॅजेटच्या पेशींखाली बरेचदा चेपलेल्या केराटिनोसाइटची (एपिडर्मिसच्या नेहमीच्या पेशींची) ओळ शिल्लक असते. मेलॅनोमाच्या पेशी सहसा बेसमेंट मेंब्रेनलाच (एपिडर्मिसखालच्या पातळ पडद्याला) टेकतात.

पुढे आयएचसी, म्हणजे अँटीबॉडी वापरून पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवणं. पंच इवलासा, ब्लॉक बघता बघता संपतो. टेक्निशियनदादांना पहिल्याच कटिंगला कोरे सेक्शन काढून ठेवायला सांगा. पॅनलमध्ये एकीकडे पॅजेटसाठी सीके७, एचईआर२. दुसरीकडे मेलॅनोमासाठी सॉक्स१०, मेलन-ए. एस१०० हाही मेलॅनोमाचा मार्कर, पण त्याच्या एकट्यावर रिपोर्ट सोडू नका, काही पॅजेटही त्याला रंगतात. सीके७ तर स्तनाग्रातल्या निरुपद्रवी टोकर पेशींनाही लागतं, म्हणून पेशींचा आकार आणि केंद्रकं बघायचीच. बोवेनची (एपिडर्मिसपुरत्या मर्यादित स्क्वॅमस कॅन्सरची) शंका असेल तर पी६३ जोडा.

‘मेलन-ए पॉझिटिव्ह’ एवढं ऐकून माझं कधीच समाधान होत नाही. रंगली कोणती पेशी? बारीक फांद्यांच्या पेशी रंगल्या आणि मोठ्या गोल पेशी कोऱ्या राहिल्या, तर कौल पॅजेटकडे. तपकिरी मेलॅनिनवर तपकिरी डीएबी (आयएचसीचं नेहमीचं क्रोमोजेन, म्हणजे रंग देणारं रसायन) म्हणजे डोळ्यांची परीक्षा. लॅबमध्ये लाल क्रोमोजेन असेल तर तोच मागा.

पॅजेट ठरला की नुसता रिपोर्ट पाठवून थांबू नका, सर्जनला फोन करा. बहुतेक वेळा खाली स्तनात डीसीआयएस (दुग्धनलिकांपुरता मर्यादित कॅन्सर) किंवा इनव्हेजिव्ह कॅन्सर असतो, मॅमोग्राम साफ असला तरी. एमआरआयचा विषय त्याच फोनवर काढा.