फाइव्ह-ॲक्सिस शिकायचंय? आधी टूल टेकतं कुठे ते बघा

मल्टी-ॲक्सिस मिलिंगकडे, म्हणजे सरळ हालचालींसोबत टूल किंवा टेबल कलवून-फिरवून धातू कापण्याकडे, वळणारे बरेच जण थेट कॅम सॉफ्टवेअर (टूलचा मार्ग आखून मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं) उघडतात. त्याआधी कागदावर एक वक्र रेषा आणि तिला टेकलेला बॉल नोज (अर्धगोल टोकाचा) कटर काढा, असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो. मला स्वतःला हा विषय तिथूनच उलगडला.

कटर जॉबला (कापायच्या तुकड्याला) जिथे टेकतो तो बिंदू वेगळा आणि प्रोग्रॅममध्ये जाणारा टोकाचा बिंदू वेगळा. टेकण्याच्या बिंदूपासून पृष्ठभागाला लंब दिशेने त्रिज्येइतकं बाहेर आलं की गोलाचं केंद्र मिळतं. तिथून टूलच्या अक्षावरून त्रिज्येइतकंच खाली उतरलं की टोक. टूल कलवलं तरी टेकण्याचा बिंदू तोच राहतो, टोक मात्र सरकतं. मशीनवर आरटीसीपी (टूल कललं तरी त्याचं टोक प्रोग्रॅममधल्या जागीच ठेवणारी सोय) चालू असतानाही प्रोग्रॅममधले एक्स, वाय, झेड का बदलतात, ते इथेच कळतं.

आता कलवायचं कशाला? बॉल नोजच्या टोकाशी कटिंग स्पीड शून्य असतो. तिथे धातू कापला न जाता घासला जातो. 10 मिमीचा कटर सपाट भागावर उभा धरून 0.2 मिमी खोली घेतली, तर प्रत्यक्ष कापणारा व्यास जेमतेम 2.8 मिमी. तोच कटर 15 अंश कलवला की व्यास सुमारे 5.2 मिमी होतो. आरपीएम तेवढाच, पण स्पीड जवळपास दुप्पट! फिनिशमधला फरक बोट फिरवलं तरी जाणवतो.

स्टेपओव्हरचं (शेजारच्या दोन फेऱ्यांमधल्या अंतराचं) गणित सोपं आहे: फेऱ्यांमध्ये उरणाऱ्या कडेची उंची म्हणजे स्टेपओव्हरचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. याच कटरला 1 मिमी स्टेपओव्हर दिला तर सपाट भागावर 25 मायक्रॉनच्या कडा उरतात, 0.5 मिमीला साधारण 6. बहिर्वक्र भागावर कडा याहून उंच राहतात, अंतर्वक्र भागावर कमी. अंतर्वक्र भागाची त्रिज्या कटरच्या त्रिज्येपेक्षा लहान असेल तर मात्र गाऊज (नको तिथे खोल कापलं जाणं) ठरलेलाच, कितीही कलवा.

कलवताना होल्डर (टूल धरणारा भाग) जॉबच्या भिंतीला लागतो का, हे सिम्युलेशनमध्ये खऱ्या होल्डरच्या मापाने तपासा. नुसतं टूल दाखवून भागत नाही. आणि टेबल-टेबल मशीन (कलणं आणि फिरणं दोन्ही टेबलच करतं असं) असेल तर जी-कोडमधला, म्हणजे मशीनच्या प्रोग्रॅममधला, सी-ॲक्सिस (टेबल गोल फिरण्याचा कोन) स्वतः वाचा. टूल जॉबच्या सापेक्ष जवळजवळ उभं असताना लागोपाठच्या दोन ओळींत सी 20 अंशांवरून 190 वर गेलेला दिसला, तर टेबल तिथे गर्रकन फिरणार आणि जॉबवर डाग उमटणार. अशा वेळी मी फिक्स्चरवर (जॉब पकडायच्या साच्यावर) जॉबच थोडा तिरका बांधतो किंवा कॅममध्ये किमान कल ठरवून देतो.