चिऱ्याच्या भिंतीसमोर कॅमेरा लावताना

वास्तुछायाचित्रणातले माझे पहिले काम म्हणजे गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका देवळाचा दीपस्तंभ. जीर्णोद्धाराचे काम पाहणाऱ्या वास्तुविशारदांनी ते मला विश्वासाने दिले होते. कलत्या उन्हात उजळलेला स्तंभ, मागे माडांची रांग आणि तळीत पडलेले प्रतिबिंब असे सारे एका चौकटीत जुळून आले होते, आणि ते चित्र घेऊन मी मोठ्या उत्साहाने त्यांच्या कार्यालयात गेले. त्यांनी त्याच स्तंभाचा मोजमाप घेऊन काढलेला आराखडा शेजारी ठेवला आणि शांतपणे विचारले, "हा स्तंभ वर जाताना नेमका किती निमुळता होतो, हे तुमच्या चित्रावरून मला कसे कळावे?" दीपस्तंभ मुळातच मजल्यागणिक निमुळता होत जातो. मी जवळ उभी राहून कॅमेरा वर कलवला होता, त्यामुळे त्याच्या खऱ्या उतारात कॅमेऱ्याने निर्माण केलेला खोटा उतार मिसळला होता आणि दोन्ही वेगळे करणे आता कोणालाच शक्य नव्हते. ते काम मला पुन्हा करावे लागले. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना मी आज जे सांगते, त्यातले बरेचसे त्या प्रश्नातून शिकलेले आहे.

कॅमेऱ्याचा संवेदक (सेन्सर) भिंतीला समांतर असेल, तर उभ्या रेषा चित्रातही उभ्या राहतात. कॅमेरा वर कलला की त्या वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. म्हणून पाणसळ पाहून कॅमेरा सरळ धरावा लागतो. मात्र सरळ धरलेल्या कॅमेऱ्यात क्षितिज चौकटीच्या मधोमध येते, खालचा अर्धा भाग नुसत्या जमिनीने भरतो आणि इमारतीचा माथा छाटला जातो. यावरचा व्यावसायिक उपाय म्हणजे शिफ्ट लेन्स. तिच्यात कॅमेरा न कलवता केवळ भिंगांचा संच वर सरकवता येतो. २४ मिलिमीटरची अशी लेन्स बहुतेकांच्या पिशवीत असते, पण ती महाग आहे, आणि नवख्याने पहिल्याच वर्षी ती विकत घ्यावी असे मला वाटत नाही. त्याऐवजी मागे सरकून, कॅमेरा सरळ ठेवून चित्र घ्यावे आणि खालची जमीन नंतर कापून टाकावी, किंवा समोरच्या घरमालकांची रीतसर परवानगी घेऊन त्यांच्या पहिल्या मजल्यावरून, म्हणजे इमारतीच्या अर्ध्या उंचीवरून, चित्र घ्यावे. संगणकावर रेषा सरळ करता येतात हे खरे, पण त्यात चित्राचा वरचा भाग ताणला जातो, तिथला तपशील विरळ होतो आणि दोन्ही कडा गमवाव्या लागतात. म्हणून तो मार्ग घ्यायचा असेल तर चित्र घेतानाच चहूबाजूंनी मोकळी जागा सोडावी. फारच उंच वास्तूच्या बाबतीत मात्र थोडा विवेक हवा. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनचा ४६ मीटर उंचीचा मनोरा पायथ्याशी उभे राहून टिपला आणि त्याच्या रेषा अगदी शंभर टक्के सरळ केल्या, तर तो माथ्याकडे रुंदावत गेल्यासारखा भासतो. अशा वेळी मी किंचित झुकाव तसाच राहू देते.

रेषांनंतर येतो सूर्य, आणि माझ्या मते नवख्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी होकायंत्र काढावे आणि इमारतीचे तोंड कुठल्या दिशेला आहे ते वहीत लिहावे. जुन्या गोव्यात रस्त्याच्या दोन बाजूंना असलेली दोन चर्चे यासाठी उत्तम पाठ आहेत. १५६२ मध्ये बांधायला घेतलेल्या से कॅथेड्रलचे तोंड पूर्वेला आहे, तर १५९४ मध्ये काम सुरू होऊन १६०५ मध्ये अभिषिक्त झालेल्या बॉम जेझू बॅसिलिकेचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी आठ वाजता बॅसिलिकेसमोर उभे राहणाऱ्याला सावलीतली भिंत आणि तिच्यामागे पांढरे पडलेले आकाश मिळते. त्याच वेळी रस्ता ओलांडला तर कॅथेड्रल संपूर्ण उजेडात असते. गोव्यात सूर्य घड्याळाच्या बाराला नव्हे, तर साधारण साडेबाराच्या सुमारास माथ्याच्या रेषेवर येतो. त्यानंतर तासाभराने बॅसिलिकेच्या दर्शनी भिंतीवर ऊन वरून घासत उतरू लागते, आणि या घासत्या उन्हात चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, खडबडीतपणा, वसईहून आणलेल्या काळ्या दगडातले कोरीव काम, खांबांच्या पडछाया हे सारे उठून दिसते. चारनंतर ऊन समोरून येते, तेव्हा जांभ्याचा लाल रंग सुरेख खुलतो, पण पृष्ठभाग सपाट भासतो. पोताचे चित्र हवे असेल तर लवकर जावे, रंगाचे हवे असेल तर उशिरा. दोन्ही हवी असतील तर दिवसभर तिथेच थांबावे. या बॅसिलिकेवरचा चुन्याचा गिलावा गेल्या शतकाच्या मध्यावर काढून टाकण्यात आला, त्यामुळे उघडा पडलेला सच्छिद्र चिरा दर पावसाळ्यात थोडा थोडा झिजतो, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या भिंतीचे केवळ सुंदर चित्र काढून थांबत नाही, तर झिजलेल्या कडांचे जवळून, मोजपट्टी ठेवून, वेगळे चित्रही घेतो.

गोव्याचा अक्षांश साधारण साडेपंधरा अंश उत्तर आहे. याचा अर्थ असा की मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि जूनच्या उत्तरार्धात तो माथ्यापासून सुमारे आठ अंश उत्तरेकडे कललेला असतो. डिसेंबरात याउलट तो दक्षिणेला सुमारे ५१ अंशांपेक्षा वर चढतच नाही. व्यवहारात याचा परिणाम मोठा आहे. उत्तराभिमुख घराच्या दर्शनी भिंतीवर दुपारचे ऊन हवे असेल, तर मे महिन्याखेरीज खात्रीचा काळ नाही, कारण जूनमध्ये सूर्य असला तरी आभाळ मोकळे नसते. दक्षिणाभिमुख घर मात्र हिवाळ्यात दिवसभर उजळलेले असते. तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर पूर्वाभिमुख आहे, पण पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि भोवती दाट रान असल्यामुळे पंचांगातल्या सूर्योदयाच्या वेळेवर विसंबून तिथे गेले तर बराच वेळ थांबावे लागते. मी तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा ऊन येईपर्यंतच्या त्या वेळात देवळाभोवती नुसती फिरत राहिले, आणि सारा परिसर लाल जांभ्याचा असताना हे देऊळ काळ्या पाषाणात का बांधले असेल, हा प्रश्न मला प्रथमच पडला. त्या दिवशीची माझी चांगली चित्रे त्या प्रश्नानंतरची आहेत.

पावसाळ्यात काम बंद ठेवणारे अनेक जण आहेत. मला ते पटत नाही. ढगाळ उजेडात सावल्या मवाळ होतात, ओला चिरा गडद होतो, आणि पाणी कुठून गळते, शेवाळ कुठे धरते, पागोळ्या कुठे पडतात, हे सारे त्याच दिवसांत दिसते. पावसाच्या माऱ्यापासून भिंती वाचवण्यासाठी माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा बांधण्याची रीत आता क्वचितच आढळते, आणि ती दिसली तर चित्र अवश्य घ्यावे. पावसाळा संपला की रंगकाम सुरू होते. पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचा पांढरा रंग ८ डिसेंबरच्या फेस्ताच्या (वार्षिक उत्सवाच्या) सुमारास सर्वांत स्वच्छ असतो. मात्र याच दिवसांत बॅसिलिकेकडे जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तासाठी बाहेर मांडव घातलेला असतो आणि दर्शनी भाग मोकळा मिळत नाही. दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा ही पहिली खरेदी असावी. थंडगार मोटारीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा उघडला तर काचेवर बाष्प धरते, यास्तव पिशवी पंधरा मिनिटे बाहेर बंदच ठेवावी.

घराच्या आतले काम वेगळ्या स्वभावाचे आहे. आपल्याकडच्या जुन्या हिंदू घरांत राजांगणात, म्हणजे मधल्या उघड्या चौकात, वरून उजेड पडतो आणि भोवतालचे सोपे (ओसऱ्या) हळूहळू अंधारत जातात. उजेडाची ही उतरंड हेच त्या घराचे सौंदर्य आहे. एकाच जागेवरून कमी-अधिक उजेडाची तीन ते पाच चित्रे घेऊन ती जुळवणे आवश्यक असते, कारण राजांगणातले ऊन आणि देवघराचा काळोख एका चित्रात मावत नाहीत. परंतु ही जुळवणी पूर्णपणे संगणकावर सोडली, तर तो कानाकोपरा सारखाच उजळ करून टाकतो आणि घराचा श्वासच जातो. मी जुळवणी हाताने करते आणि अंधाराला अंधार राहू देते. कॅमेऱ्याची उंची डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली, कमरेच्या थोडी वर ठेवावी, म्हणजे जमीन आणि छत यांचा तोल साधतो. ट्यूबलाइट बंद करण्याची विनंती करावी, नाहीतर खिडकीचा निळसर उजेड आणि दिव्याचा हिरवट उजेड एकाच भिंतीवर भांडतात. शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा दुधी उजेड ज्या घरात अजून आहे, तिथे मी कोणताही दिवा लावत नाही.

घर हे कोणाचे तरी राहते घर असते, हे पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत कॅमेरा घेऊन फिरणारे अनेक जण विसरतात. रंगीत भिंतीसमोर आणि बाल्कांवच्या (दारापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या) पायऱ्यांवर रोज येऊन बसणाऱ्या अनोळखी माणसांमुळे तिथल्या रहिवाशांना झालेला त्रास खरा आहे. दार वाजवावे, नाव सांगावे, कशासाठी चित्र हवे ते सांगावे, आणि नकार मिळाला तर आभार मानून निघावे. देवळात गर्भगृहाचे चित्र घेऊ नये, आणि बाकीच्या भागासाठीही देवस्थान समितीला आधी विचारावे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत तिवईसाठी (ट्रायपॉडसाठी) आगाऊ परवानगी लागते. ड्रोनचे नियम आणखी कडक आहेत. दाबोळीला नौदलाचा तळ आहे आणि मोप्याचा विमानतळही सुरू झाला आहे, त्यामुळे उड्डाणाआधी अधिकृत नकाशावर आपली जागा कुठल्या क्षेत्रात येते ते पाहिल्याशिवाय ड्रोन पिशवीतून काढूच नये.

कायद्याची दोन कलमे प्रत्येकाने वाचावीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमानुसार वास्तूचे छायाचित्र काढणे आणि प्रसिद्ध करणे हा वास्तुविशारदाच्या हक्काचा भंग ठरत नाही. १७व्या कलमाकडे मात्र आपण अधिक लक्ष द्यायला हवे, कारण मोबदला देऊन कोणी काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाराच असतो. मला हे उशिरा कळले. एका हॉटेलासाठी मी काढलेली चित्रे पुढे फरशी विकणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीत दिसली, आणि माझ्याकडे एका ओळीचाही लेखी करार नव्हता. तेव्हापासून चित्रे किती, कुठे आणि किती वर्षे वापरायची, हे लिहून घेतल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. दर ठरवतानाही दिवसाच्या मजुरीपेक्षा तयार चित्रांची संख्या आणि त्यांचा वापर यांवर ठरवणे मला न्याय्य वाटते.

वास्तुविशारदांच्या कार्यालयांत हल्ली छायाचित्रकारापेक्षा संगणकावर इमारतीचे आगाऊ चित्र तयार करणाऱ्यांना अधिक काम मिळते, आणि ज्यांना कॅमेऱ्याचे शिक्षण परवडत नाही त्यांच्यासाठी तो चांगला दरवाजा आहे. तिथेही वर सांगितलेले सारे नियम लागू होतात. अनेक नवखे प्रणालीतला आयता सूर्य तसाच ठेवतात, आणि मग पणजीजवळच्या ताळगावातल्या घरावर युरोपातले तिरके ऊन पडलेले दिसते. स्थळ पणजी आणि तारीख खरी भरली, तर जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येते हे त्या घरमालकाला बांधकामाआधीच कळू शकते. जागेच्या छायाचित्रात नियोजित इमारत बसवायची असेल, तर छायाचित्र घेताना लेन्सचे माप, कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची आणि वेळ यांची नोंद हवीच. ती नसेल तर सावल्या आणि रेषा कधीही जुळत नाहीत.

डोळा तयार करण्यासाठी पुस्तकांपेक्षा पायपीट उपयोगी पडते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या, पणजीतील कांपाल येथील कला अकादमीत जावे आणि मांडवी नदीकडे उघडत जाणाऱ्या मोकळ्या जागांतून कॅमेऱ्याशिवाय एक फेरी मारावी. तिथल्या नाट्यगृहात व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी भिंतींवर रंगवलेले सज्जे आणि त्यांतले प्रेक्षक पाहून सपाट पृष्ठभागावर खोली कशी भासते हे समजते. मी सुरुवातीची दोन वर्षे आठवड्यातून एकदा एखाद्या इमारतीचा आराखडा हाताने काढत असे. मोजपट्टी धरून खिडकीची रुंदी मोजली की ती खिडकी पुढे कॅमेऱ्यातून वेगळी दिसते.

प्रत्येक चित्राच्या नावात गाव, दिशा, दिनांक आणि वेळ लिहिण्याची सवय मला त्याच काळात लागली. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या घराचे राजांगण मी याच पद्धतीने चारही बाजूंनी, कॅमेरा सरळ ठेवून, टिपले होते. दोन पावसाळ्यांनंतर त्याच्या पश्चिमेकडची बाजू कोसळली. घरातल्या आजींनी मला निरोप पाठवला आणि मी चित्रांच्या मोठ्या प्रती घेऊन गेले. मेस्त्रींनी ढिगाऱ्यातला एक शाबूत चिरा उचलून त्याची लांबी मोजली, मग चित्रातल्या भिंतीवरचे चिरे एकेक करून मोजत ते खांबापर्यंत गेले, आणि खडूने जमिनीवर खांबाच्या बैठकीची जागा आखली.