गुणाकाराच्या जोड्या न चुकता मोजण्याची रीत

संत्र्याची १८० कलमे आणली, एकही उरू नये आणि प्रत्येक ओळीत सारखीच झाडे यावीत, तर मांडणी किती प्रकारे होईल? वरूड तालुक्यातील आमच्या शाळेत बहुतेक मुलांच्या घरी संत्र्याचा बगीचा असल्याने आठवीच्या वर्गात मी दरवर्षी हाच प्रश्न घालतो.

मोजण्यापूर्वी क्रम धरायचा की नाही, हे ठरवून घ्यावे. कागदावर ५ × ३६ आणि ३६ × ५ ही एकच जोडी आहे. धुऱ्याला समांतर ५ ओळी घालणे आणि ३६ ओळी घालणे ही मात्र शेतात दोन वेगळी कामे आहेत. हे आधी न ठरवल्याने उत्तर दुप्पट किंवा निम्मे येते, आणि वह्या तपासताना मला सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे.

संख्या लहान असेल तर १ पासून क्रमाने भाग देऊन पाहावे आणि १८० साठी १३ वर थांबावे, कारण दोन्ही संख्या १३ पेक्षा मोठ्या असल्या तर गुणाकार किमान १४ × १४ म्हणजे १९६, १८० हून जास्त होईल. अशाने १, २, ३, ४, ५, ६, ९, १० आणि १२ यांच्या मिळून नऊ जोड्या सापडतात.

मोठ्या संख्येसाठी मूळ अवयव पाडावेत: १८० = २ × २ × ३ × ३ × ५. आता पाटीवर दोनाबद्दल दोन चिंचोके, तीनाबद्दल तुरीचे दोन दाणे आणि पाचाबद्दल एक सरकी ठेवावी. मुठीत उचलले त्याचा गुणाकार हा एक विभाजक, आणि पाटीवर उरले त्याचा गुणाकार हा त्याचा जोडीदार. चिंचोके शून्य, एक किंवा दोन असे तीन प्रकारे उचलता येतात, तूरही तीन प्रकारे, सरकी दोन प्रकारे; म्हणून विभाजक ३ × ३ × २ = १८ आणि जोड्या त्याच्या निम्म्या, नऊ. विभाजक मोजताना प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात, म्हणजे तो जितक्या वेळा आला त्या संख्येत, १ मिळवून गुणाकार करतात; हा १ का मिळवायचा, याचे उत्तर काहीच न उचललेल्या रिकाम्या मुठीत आहे. एका मुलीने मूठ उघडून विचारले, "सर, काहीच नाही म्हणजे शून्य ना?" मी तिला पाटीवर उरलेल्यांचा गुणाकार करायला लावला. तो १८० आला, तेव्हा आपल्या मुठीत १ आहे हे तिने स्वतःच सांगितले.

पूर्ण वर्ग संख्येत एक जोडी स्वतःशीच जुळते. १४४ मध्ये चार वेळा २ आणि दोन वेळा ३ आहेत, म्हणून विभाजक ५ × ३ = १५; त्यात १ मिळवून निम्मे केले की १२ × १२ धरून आठ जोड्या होतात.

जोडीतील संख्या सहमूळ, म्हणजे १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या, हव्या असतील तर सगळे चिंचोके एकाच बाजूला जातात, तूरही तशीच. १८० साठी प्रत्येक जिन्नसाला दोनच बाजू, म्हणजे असे २ × २ × २ = ८ विभाजक आणि चार जोड्या: १ × १८०, ४ × ४५, ५ × ३६, ९ × २०.

हीच रीत मसावि ६ आणि लसावि १८० असलेल्या संख्या शोधतानाही चालते. दोन्ही संख्यांना ६ ने भागले की उरलेल्या संख्या सहमूळ असतात आणि त्यांचा गुणाकार १८० ला ६ ने भागून मिळणारा ३० असतो; ३० च्या सहमूळ जोड्या चार, आणि त्या जोड्यांतील प्रत्येक संख्येला ६ ने गुणले की ६ व १८०, १२ व ९०, १८ व ६०, ३० व ३६ ही उत्तरे हाती येतात.