पॅक्लिटॅक्सेल चालू असताना हातापायांना मुंग्या? या चुका टाळा

स्तनाच्या कॅन्सरसाठी पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीचं औषध घेऊन नागपूर-सेवाग्रामहून गावी आलेल्या बाईला घरचे उलट्यांचं विचारतात, केसांचं विचारतात. बोटांचं कोणी विचारत नाही. तळव्याला मुंग्या येतात, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, वेचणीत कापूस बोटांना जाणवत नाही. आणि ती स्वतःच म्हणते, अशक्तपणा असेल. पहिली चूक हीच.

कारण वेगळं आहे. पेशीत सूक्ष्मनलिका नावाच्या, सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या असतात. मांडवाच्या बल्ल्या सुतळीनं आवळाव्यात तशी काही प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. चेतापेशीत, म्हणजे नसांच्या पेशीत, त्यातलं मुख्य म्हणजे टाऊ. पेशी विभागताना या नळ्या मोडून नव्यानं रचाव्या लागतात. पॅक्लिटॅक्सेल त्या मोडूच देत नाही, म्हणून कॅन्सरपेशी मध्येच अडकते. पण कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत गेलेल्या चेतातंतूची वाहतूकही याच नळ्यांवरून चालते. तीही बिघडते.

म्हणून पुढच्या डोसआधीच डॉक्टरांना सांगा. ते डोस कमी करतात किंवा लांबवतात. आपल्या मनानं डोस चुकवू नका.

मेडिकलमधून 'नसांच्या गोळ्या' आणणं हा दुसरा घोळ. त्यांत बरेचदा असिटिल-एल-कार्निटिन असतं. अशाच औषधांवरच्या स्त्रियांना ते देऊन पाहिलं, तर मुंग्यांचा त्रास उलट वाढला. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पाकिटावरची नावं डॉक्टरांना दाखवा.

सुन्न पाय शेकोटीला धरू नका, वावरात अनवाणी जाऊ नका. पऱ्हाटीचं धसकट रुतलं तरी कळत नाही.

सदाफुलीचा रस तर नकोच. तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन मिळतं हे खरं, पण ते मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात, आणि तेही याच नळ्यांवर घाव घालून नसा सुन्न करतं. वाटीभर रसात काय किती उतरलं, कोण सांगणार?

शिकलेली पोरं मोबाइलवर वाचून गाठीतल्या टाऊची तपासणी मागतात. टाऊ कमी असलेल्या गाठींवर पॅक्लिटॅक्सेल जास्त चालतं, असं २००५ मध्ये दिसलं होतं. पुढचे निष्कर्ष मात्र एकसारखे आले नाहीत, म्हणून ही नेहमीची तपासणी झाली नाही. त्यावर पैसे घालू नका. त्यापेक्षा मुंग्या कुठवर चढल्या ते कागदावर लिहून न्या: बोटं, तळवा, की घोट्याच्या वर.