ट्यूब अ‍ॅम्पमधला ‘हम’ शोधताना या चुका टाळा

गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) घुमू लागला, म्हणजे त्यातून सतत ‘हम’ येऊ लागला की बहुतेक जण थेट फिल्टर कपॅसिटर (आतला डीसी पुरवठा सपाट करणारे) बदलायला घेतात. जुन्या अ‍ॅम्पच्या बाबतीत हा अंदाज कधी कधी खराही ठरतो, परंतु आवाज कोणत्या टप्प्यातून येतो हे ठरवण्याआधीच सोल्डरिंग आयर्न तापवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मी स्वतः एकदा कपॅसिटरची अख्खी रांग बदलली आणि दोष निघाला इनपुट जॅकमध्ये: केबल काढल्यावर इनपुटला ग्राउंडशी जोडणारी त्यातली पत्ती काळी पडून टेकतच नव्हती.

आवाज कान देऊन न ऐकणे ही दुसरी चूक. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल, तर फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर (एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटांतून डीसी बनवणारा भाग) उरलेला रिपल, म्हणजे डीसीतली लहर, दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचा असतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजणारा स्वर साधारण ९८ हर्ट्झचा असल्यामुळे तो छेडून हमशी ताडून पाहता येतो. दोन्ही जुळले तर संशय फिल्टर कपॅसिटरवर घ्यावा. हम त्याच्या खालच्या सप्तकात असेल तर हीटरचे (ट्यूब तापवणाऱ्या तारेचे) वायरिंग, ग्राउंड लूप (ग्राउंडच्या एकाहून अधिक मार्गांचे वेटोळे) किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र तपासावे. (६० हर्ट्झच्या पुरवठ्यावर हेच आकडे १२० आणि ६० होतात.) इथे एक फसवी जागा आहे. पॉवर ट्यूबमधला प्रवाह आवरणाऱ्या निगेटिव्ह बायस व्होल्टेजचा पुरवठा अनेकदा हाफ-वेव्ह (एकाच अर्ध्या लाटेवर चालणारा) असतो, त्यामुळे त्यातला कपॅसिटर सुकला तर दोष कपॅसिटरचा असूनही हम ५० हर्ट्झचाच येतो.

पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये (ज्यात दोन पॉवर ट्यूब आळीपाळीने काम करतात) जोडीतली एकच पॉवर ट्यूब बदलणेही टाळावे. दोन्ही ट्यूबमधून सारखा प्रवाह वाहत असेल तर त्यांच्याकडे येणारा रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये परस्परांना रद्द करतो. जोडी विजोड झाली की कपॅसिटर उत्तम असूनही हम ऐकू येतो.

टप्पा शोधण्याची रीत सोपी आहे, तरी तीच वगळली जाते. आधी गिटार काढून पाहावे. हम थांबला तर दोष अ‍ॅम्पबाहेर, म्हणजे केबलमध्ये किंवा सिंगल-कॉइल पिकअपमध्ये आहे. गिटार हातात धरून जागच्या जागी वळल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल तर पिकअपच तो पकडतो आहे. गिटार काढूनही हम राहिला तर व्हॉल्यूम फिरवावा. त्याबरोबर हम बदलत असेल तर उगम व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात आहे. बदलत नसेल तर अ‍ॅम्प बंद करून फेज इन्व्हर्टरची ट्यूब (पॉवर ट्यूबच्या जोडीला एकमेकांच्या उलट सिग्नल देणारी) काढावी आणि पुन्हा सुरू करावा. तरीही हम तसाच असेल तर पॉवर ट्यूब आणि त्यांचा पुरवठा एवढेच तपासायचे उरते. हे करताना स्पीकर मात्र जोडलेलाच हवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

हम घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडणे ही चूक नव्हे, जिवाशी खेळ आहे. अ‍ॅम्प बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब उरू शकतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट न करता योग्य वॉटेजच्या रेझिस्टरमधून उतरवावा, आणि मीटरवर शून्याजवळचा आकडा दिसल्याशिवाय आत बोट घालू नये.

हीटरची वायर न पिळता सिग्नलच्या वायरीशेजारून नेणे ही घरी बांधलेल्या अ‍ॅम्पमधली नेहमीची चूक आहे. ६.३ व्होल्टच्या हीटर वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेली जोडणी) नसेल तर दोन्ही टोकांवरून ग्राउंडला १०० ओहमचा एकेक रेझिस्टर लावतात. त्यांतला एक जळून ओपन झाला तरी पायलट दिवा आणि ट्यूब पेटलेल्याच राहतात, म्हणून तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. हे दोन्ही ठीक असतील तर प्रीअ‍ॅम्पमधल्या (अ‍ॅम्पच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या) एकाच जातीच्या दोन ट्यूबची अदलाबदल करावी: हम बदलला तर आतल्या हीटर आणि कॅथोडमध्ये गळती असलेली ट्यूब सापडते, आणि तो जसाच्या तसा राहिला तर सॉकेट आणि त्याभोवतीचे वायरिंग पाहावे.