प्रवाळाचा तुकडा घेताना, देताना

अनोळखी माणसाकडून प्रवाळाचा फ्रॅग, म्हणजे टाकीत वाढवायला कापलेला तुकडा, घ्यावा का, असं इथे न्यू जर्सीत नव्याने समुद्री माशांची आणि प्रवाळांची टाकी लावणारी मंडळी मला विचारतात. जरूर घ्यावा, पण आधी त्याच्या घरी जाऊन टाकी बघावी. निळे दिवे बंद करून पांढरे लावायला सांगा, कारण निळ्या उजेडात मरगळलेलं प्रवाळही चमकतं. दगडांच्या फटींत एप्टेशिया, म्हणजे झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल, आहे का पाहा. ॲक्रोपोराच्या (फांद्यांचं कठीण प्रवाळ) फांदीवर बुडाशी फिकट ठिपके दिसले, तर ते चपट्या किड्यांनी खाल्ल्याचे असू शकतात. मग विचारा, "गेल्या वर्षात तुमच्याकडे काय काय मेलं?" जो न अडखळता सांगतो, त्याच्याकडून मी निर्धास्त घेते. निघताना पाण्याचे आकडे लिहून घ्या. त्याच्या पाण्याची अल्कलिनिटी (क्षारता) ११ डीकेएच (ती मोजायचं एकक) आणि तुमची ८ असेल, तर नाजूक ॲक्रोपोराऐवजी एखादं चिवट मऊ प्रवाळ मागा.

घरी आल्यावर फ्रॅग डिपमध्ये, म्हणजे कीड पाडणाऱ्या द्रावणात, बुडवा, जुना प्लग (तुकडा चिकटवलेली छोटी बैठक) तोडून टाका, नवा लावा आणि तुकडा वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. डिपने किडे पडतात, त्यांची अंडी मात्र मरत नाहीत. म्हणून दर आठवड्याला पुन्हा डिप, असं निदान महिना-दीड महिना. कीड सापडलीच, तर त्याच संध्याकाळी देणाऱ्याला फोन करा. "तुमच्याकडून आली" असं म्हणू नका. "मला ही दिसली, तुम्हीही बघून घ्या" म्हणा. त्यानेही आपण ज्यांना ज्यांना तुकडे दिले, त्या सगळ्यांना कळवायचं. यासाठी कुणाला काय दिलं याची वही हवीच. लाजेखातर एक जण गप्प बसला की कीड पाच घरांत पोचते.

देताना ताजा कापलेला तुकडा देऊ नका. जखम भरून तो प्लगवर पसरू लागला की द्या. झोअँथिड (प्रवाळांसारखे वसाहतीने वाढणारे मऊ जीव) देत असाल, तर घेणाऱ्याला त्यांच्यात असू शकणाऱ्या पॅलिटॉक्सिन या जहाल विषाबद्दल स्पष्ट सांगा: हातमोजे, चष्मा, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळायचा नाही. त्या वाफेने माणसं दवाखान्यात पोचली आहेत. भारतातल्या भावंडांसाठी मात्र तुकडा नेऊ नका. खडक बांधणारी प्रवाळं तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

आमच्याकडे चांगला फ्रॅग फुकट देतात. अट एकच: वाढला की तुम्हीही पुढे फुकट द्यायचा. हे विरजणासारखं आहे, आपलं बिघडलं की ज्यांना दिलं त्यांच्याकडून परत मिळतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने इथे कित्येक घरांची वीज अनेक दिवस गेली. पाणी गार पडलं, प्राणवायू घटला, टाक्या गेल्या. ज्यांनी आधी वाटलं होतं, त्यांचे वाण दुसऱ्यांच्या टाकीत जगले.

जनरेटर कुणाकडे, जादा हीटर कुणाकडे, हे आजच ठरवून ठेवा. डिसेंबरात भारतात जाताना घराची किल्ली एखाद्या टाकीवाल्यालाच द्या. शेजारी कितीही प्रेमळ असले तरी माशांना जास्त खायला घालतात. खाद्याच्या रोजच्या पुड्या बांधा, प्रत्येक स्विचवर चिठ्ठी लावा, आरओचं पाणी भरून ठेवा आणि जाण्याआधी एकदा त्याच्याच हातून सगळं करून घ्या. पंप बंद केल्यावर खालच्या जोडटाकीत पाणी कुठवर चढतं, हेही त्याला दाखवा.